रक्तातील साखरेचा रोजमेळ

पूर्ण वाढ झालेल्या निरोगी माणसाच्या शरीरात साधारणपणे पाच लिटर रक्त खेळत असते आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती अवघी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. हा हिशेब कोणालाही कागदावर मांडता येईल. प्रयोगशाळेच्या अहवालात उपाशीपोटीचा आकडा ९० किंवा १०० असा छापलेला असतो. तो दर १०० मिलिलिटर रक्तामागे इतके मिलिग्रॅम असा वाचावयाचा असतो. पाच लिटरांना तो लावला की साडेचार-पाच ग्रॅम हेच उत्तर येते. एवढ्या अल्प शिलकेवर मेंदू, हृदय, स्नायू आणि डोळे यांचा चोवीस तासांचा व्यवहार चालतो. सकाळी आपण दोन चमचे साखर घातलेला चहा घेतो, तेव्हा त्या एका कपातून रक्तातील एकूण शिलकेच्या दुप्पट साखर पोटात जाते. पोळी, भात, पोहे, खाकरा यांतील पिष्टाचीही पचनानंतर साखरच होते, ती निराळी. तरीही निरोगी शरीरात हा आकडा दिवसभर साधारण ७० ते १४० च्या दरम्यान राहतो. इतक्या छोट्या गल्ल्यातून एवढी मोठी उलाढाल, आणि तीही तुटवडा किंवा अतिरेक होऊ न देता. बँकेच्या रोकड विभागात उमेदवारी केलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

हा मेळ राखण्याचे काम मुख्यतः स्वादुपिंडाकडे आणि यकृताकडे आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढू लागली की स्वादुपिंडातील पेशींची लहान लहान बेटे इन्शुलिन सोडतात. पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. इन्शुलिनच्या हुकुमाने साखर पेशींत शिरते आणि उरलेली कोठारात जाते. यकृताच्या कोठारात सुमारे १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंच्या कोठारांत मिळून सुमारे ४०० ग्रॅम माल मावतो. यांत एक महत्त्वाचा भेद आहे. स्नायू आपला साठा स्वतःच वापरतात, रक्ताला परत देत नाहीत. यकृत मात्र रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते, कारण मेंदूला झोपेतही साखर लागते. एकट्या मेंदूची दिवसाची गरज सुमारे १२० ग्रॅम आहे.

बिघाड सुरू होतो तो पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात तेव्हा. अशा वेळी स्वादुपिंड तक्रार करीत नाही, ते दुप्पट इन्शुलिन तयार करते. अहवालातील साखर पाच-दहा वर्षे निर्दोष दिसते. दुकानाची विक्री तेवढीच असावी, पण ती टिकविण्यासाठी चाराच्या जागी आठ नोकर ठेवावे लागावेत, तसा हा प्रकार आहे. विक्रीचा आकडा पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते. पुढे हे अतिरिक्त नोकर थकून गळू लागले की आकडा अचानक चढल्यासारखा भासतो आणि घरचे म्हणतात, ‘गेल्या वर्षीपर्यंत काहीच नव्हते हो!’ वास्तविक पुष्कळ काही होते, फक्त ते ज्या वहीत लिहिले जात होते ती वही कोणी उघडली नव्हती.

गादीवर बसणारे आपण

आपल्याकडे या व्याधीचे निरीक्षण फार जुने आहे. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना पहिले स्थान दिलेले आहे. त्यानंतर दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ येतात. व्यापाऱ्याच्या गादीचे यापेक्षा नेमके वर्णन मला तरी सापडलेले नाही. सकाळी साडेनऊला गादीवर बसलेला मनुष्य दुपारच्या जेवणाखेरीज रात्रीपर्यंत उठतो तो देवाणघेवाणीपुरता. माल उचलावयास नोकर, बँकेचे काम मोबाईलवर, घरी जाण्यास गाडी. आपल्या आजोबांनी हीच गादी सांभाळली, हे खरे. परंतु ते बाजाराला पायी जात, पोत्याला स्वतः हात लावीत आणि मिठाई त्यांच्या वाट्याला सणासुदीलाच येत असे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात ग्रामीण भागाहून अधिक आहे. आपली वस्ती बहुतांशी बाजारपेठांच्या गावी, म्हणजे या आकड्यांत आपण कोठे असू याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

‘मी तर सडपातळ आहे, मला कसला मधुमेह!’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यावर पुण्यातच झालेले एक काम सांगण्याजोगे आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ती ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. दिसावयास बारीक, आत मात्र स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी आपली घडण आहे. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, तरीही आपल्या बाळांच्या अंगची चरबी त्या मानाने टिकून होती, असेही याच संशोधनमालेत आढळले. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. बेंबीच्या पातळीवर पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक भरत असेल, तर वजन कितीही कमी असो, साखर तपासून घ्यावी.

येथे घरातील सुनांविषयी दोन शब्द. गरोदरपणात काही स्त्रियांची साखर वाढते, त्याची बाह्य लक्षणे बहुधा नसतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर उपचार सुरू करावे लागतात. ही तपासणी पहिल्या भेटीतच आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करावी, असे सरकारी मार्गदर्शन आहे. त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही. सासरी ‘डोहाळजेवण झाले की पाहू’ म्हणून ती पुढे ढकलू नये. या साखरेचा भार आईइतकाच बाळावरही पडतो आणि त्याच्या पुढच्या आयुष्यातील मधुमेहाशी त्याचा संबंध असतो.

आकडा कोणता वाचावा

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत म्हणजे ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा आणि १२६ पासून पुढे मधुमेह, ही विभागणी आता बहुतेकांना पाठ आहे. परंतु केवळ या आकड्यावर विसंबणे म्हणजे दुकान उघडण्यापूर्वी गल्ला मोजून दिवसाच्या व्यापाराचा अंदाज करण्यासारखे आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी गोड सोडून चांगला आकडा आणणारे लोक मला ठाऊक आहेत. महिनाअखेरीस साठ्याचे विवरणपत्र बँकेला सादर करताना गोदाम जसे अचानक भरलेले दिसे, त्याचीच ही आवृत्ती म्हणावी.

या लबाडीवर उपाय म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आहे, तिला एचबीएवनसी म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या अवधीत रक्तात जितकी साखर असेल त्या प्रमाणात ती त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटते. चिकटलेली साखर मोजली की तीन महिन्यांचा वृत्तांत हाती येतो. बचत खात्यावरील व्याज पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे आणि १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले, हे आपल्या स्मरणात असेल. उपाशीपोटीची तपासणी जुन्या पद्धतीची आणि ही नव्या पद्धतीची. ५.७ च्या खाली निरोगी, ६.५ पासून मधुमेह, मधला टप्पा उंबरठ्याचा. ७ चा अर्थ सरासरी साखर सुमारे १५४ आणि ८ चा अर्थ सुमारे १८३. मात्र या तपासणीचीही एक मर्यादा आहे. लोहाची कमतरता असलेल्या रुग्णात, आणि आपल्या घरांतील स्त्रियांत ती पुष्कळ आढळते, हा आकडा खऱ्याहून चढा येऊ शकतो. थॅलेसेमियाचा अंश असलेल्यांत तो फसवा येतो. म्हणून अहवालाबरोबर हिमोग्लोबिनही डॉक्टरांना दाखवावे.

घरच्या यंत्राविषयी एवढेच सांगतो की १३२ आणि १४१ यांतील फरकावरून मन अस्वस्थ करून घेऊ नये. या यंत्रांच्या मान्य निकषांतच पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालते. बोट टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडा करावा. गुळाच्या किंवा मिठाईच्या व्यापाऱ्याच्या बोटाला लागलेला एक कण पट्टीवर आला तरी आकडा शे-दीडशेने फुगू शकतो, आणि त्या आकड्यावर एखाद्याने जादा गोळी घेतली तर अनर्थ ओढवेल.

चहा, थाळी आणि तिथी

दुकानात दिवसाकाठी अर्धा कप चहा सहा वेळा होणे काही विशेष नाही. गिऱ्हाइकाला चहा विचारावयाचा आणि आपण घ्यावयाचा नाही, हे आपल्या रीतीत बसत नाही. प्रत्येक अर्ध्या कपात दीड चमचा साखर धरली तर नऊ चमचे, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असणे उत्तम, आणि त्यात मिठाई, बिस्किटे, सरबत सारेच आले. म्हणजे आपला चहाच हे अंदाजपत्रक जवळजवळ दुप्पट ओलांडतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने या हिशेबात काही बदलत नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतील मैद्याची साखर कोणी वजा केलेली नसते, हेही पाकिटावरील बारीक अक्षरांत वाचावे. मध आपण खात नाही, तेव्हा त्यावरील वाद इतरांसाठी सोडून द्यावा.

थाळीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि वर्तमानपत्रांतील सल्ले येथे आपल्या फारसे उपयोगी पडत नाहीत. मोड आलेली कडधान्ये खा, डाळीच्या पदार्थाबरोबर कच्चे दही घ्या, असे ते सांगतात. आपल्या अनेक घरांत मोड चालत नाहीत आणि द्विदळ टाळले जाते. उपवासावरील त्यांचे लेख साबुदाणा आणि भगरीभोवती फिरतात, तर आपला उपवास उकळलेल्या पाण्याचा. बटाटा आपल्या ताटात नसतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू, पण त्याची जागा पोहे, शेव, पापड, फरसाण आणि मैद्याच्या पुऱ्या घेतात तेव्हा ती जमा खर्ची पडते.

विशेष विचार तिथींचा करावा लागतो. अष्टमी, चतुर्दशी आणि पर्युषणाच्या दिवसांत हिरव्या भाज्या वर्ज्य असल्याने ताटात पीठ आणि डाळ एवढेच उरते. भाजीतील चोथा साखरेचा वेग रोखून धरतो. तो निघून गेला की तीच पोळी रक्तात लवकर उतरते. अशा दिवशी पिठाचे प्रकार वाढविण्याऐवजी कडधान्य वाढवावे, हा माझा स्पष्ट आग्रह आहे. अख्खे मूग, हरभरे, चवळी रात्री भिजवून, मोड येण्यापूर्वी शिजविता येतात. मूगडाळीचे धिरडे नाश्त्याला पोह्यांहून केव्हाही सरस. गट्टे, पिठले हे तर आपल्या घरचेच. आधी डाळ वा उसळ खाऊन मग पोळी-भाताकडे वळल्यास जेवणानंतरचा चढाव कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. पदार्थ तेच, फक्त क्रम बदलतो. आयंबिलाच्या ओळीत एकाच वेळी भरपेट भात-ढोकळा खाण्यापेक्षा डाळीचे प्रमाण मोठे ठेवावे, हेही याच न्यायाने.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात, आणि नेमकी तीच वेळ साखर चढण्याची असते. दुपारी जेवून आल्यावर गादीवर लवंडण्याऐवजी पेढीपासून बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन यावे. उधारीच्या दोन तगाद्यांचे कामही होऊन जाते.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाविषयी मात्र समाधानाने लिहावे असे आहे. तेच अन्न सकाळी जितके सहज पचविले जाते तितके रात्री जात नाही. रात्री इन्शुलिनचे काम मंदावते आणि साखर अधिक चढते, अधिक वेळ चढलेली राहते, हे आता शास्त्रीय प्रयोगांनी दाखविलेले आहे. दुकानाचे शटर ओढून साडेदहाला जेवणारा आणि सहाला जेवणारा यांत शरीर भेद करते. तथापि चौविहार करणाऱ्या अनेकांचे जेवण प्रत्यक्षात कसे होते? सहाला दहा मिनिटे कमी असताना डबा उघडावयाचा आणि घड्याळाकडे पाहत चार पुऱ्या, शेव, वर गोड असे घाईने उरकावयाचे. यात चौविहाराचा नियम पाळला जातो, लाभ मात्र हातचा जातो. आणखी एक तक्रार ऐकू येते, ‘सहानंतर पाणीही घेत नाही, तरी सकाळी साखर १४० कशी?’ ती यकृताची करणी. पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीत असता यकृत साखर सोडते आणि दुबळे इन्शुलिन त्याला आवरू शकत नाही. रात्री काही खाल्ले की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

तपश्चर्या आणि गोळी

ज्यांना मधुमेहाचे औषध चालू नाही अशा निरोगी व्यक्तीचे शरीर उपवास पेलू शकते. पहिले सुमारे चोवीस तास यकृताच्या कोठारावर निघतात, नंतर यकृत नवी साखर घडवू लागते आणि हळूहळू मेंदूही चरबीपासून बनणाऱ्या इंधनावर काम भागवू लागतो. अठ्ठाई, वर्षीतप, दशलक्षणातील दीर्घ उपवास करणाऱ्या शेकडो व्यक्ती आपण पाहतो त्या यामुळेच. ज्यांना औषध चालू आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शरीरातील हा रोजमेळ गोळीच्या हातून लिहिला जात असतो, आणि गोळीला आज पच्चक्खाण आहे हे कळत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या पर्युषणात आमच्या परिसरातील उपाश्रयात घडलेला प्रसंग सांगतो. एक साठी ओलांडलेले कापड व्यापारी उपवासाला बसले होते. उपवासाच्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नव्हती, त्यामुळे ते निर्धास्त होते. परंतु आदल्या संध्याकाळी जेवणासोबत घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी सुमारे चोवीस तास काम करते. दुसऱ्या दिवशी प्रवचनाच्या वेळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्यांना वाटले, तपाचा थकवा असेल, पडू द्या घटकाभर. सुदैवाने श्राविकांमध्ये एक परिचारिका होत्या. त्यांनी यंत्र आणवून बोट टोचले तर आकडा ४६. ग्लुकोजचे पाणी समोर धरले तर ते गृहस्थ मान हलवून नकार देत होते, पच्चक्खाण मोडेल म्हणून.

त्या वेळी साध्वीजींनी जे सांगितले ते येथे मुद्दाम नमूद करतो. पच्चक्खाणाच्या पाठातच काही आगार, म्हणजे अपवाद, आधीपासून ग्रथित असतात. त्यांतील एक आगार तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागल्यास औषध घेण्यासंबंधीचा आहे. म्हणजे नियम घेतानाच ही वाट मोकळी ठेवलेली आहे. ‘हे पाणी आता औषध आहे, काका, घ्या,’ एवढे त्या म्हणाल्या. वीस मिनिटांत ते गृहस्थ नीट बोलू लागले. आगारांविषयी आपापल्या परंपरेतील साधू-साध्वींकडून तप सुरू करण्यापूर्वीच समजून घ्यावे. घाम फुटल्यावर चर्चेला वेळ नसतो.

साखर ७० च्या खाली गेली की सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून द्यावयाची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावयाचे. ५४ च्या खालचा आकडा गंभीर. मनुष्य शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालयात न्यावे.

कोणत्या औषधाने काय होते, हेही घरातील एका व्यक्तीला ठाऊक असावे. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर धोकादायक खाली जाण्याचे भय कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्शुलिन यांच्या बाबतीत ते मोठे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडे स्वस्त झालेल्या गोळ्यांचा धोका आणखी निराळा आहे. त्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. पोट रिकामे आणि पाणी कमी असताना रक्तात आम्ल साचून जीवावर बेतू शकते, आणि तेही यंत्रावरील साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, पोटदुखी, धाप लागणे ही त्याची चिन्हे. त्यामुळे या गोळ्या उपवासाच्या किती दिवस आधी थांबवावयाच्या हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. ज्यांना बालपणापासून इन्शुलिनवर राहावे लागते त्यांनी ते स्वतःहून कधीही बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पूर्वी साखर उतरून बेशुद्ध झालेल्यांनी दीर्घ तपाचा हट्ट धरू नये. एकासणे, बियासणे, द्रव्यमर्यादा, मौन, स्वाध्याय, तपाचे इतर प्रकार आपल्याकडे थोडे आहेत काय? चातुर्मासापूर्वी, आषाढात डॉक्टरांची एक भेट ठरवून टाकावी आणि कोणता तप, किती दिवसांचा, पाणी घेऊन की न घेता, हे त्यांना कागदावर लिहून न्यावे. आपले सर्वच डॉक्टर जैन नसतात. ‘उपवास’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे खिचडी येते.

इन्शुलिनविषयी आपल्या घरांत एक जुनी अढी आहे. ते प्राण्यांपासून काढतात म्हणून नको, असे म्हणणारे वडीलधारे अजूनही भेटतात. पूर्वी ते गाईंच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत, हे सत्य आहे. टोरोंटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी ते तसेच मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये मरणासन्न अवस्थेतील एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. शोधकर्त्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. व्यापारी माणसाने या सौद्याची नोंद घ्यावी. परंतु १९८२ पासून मानवी इन्शुलिन प्रयोगशाळेत जीवाणू किंवा यीस्ट यांच्याकरवी तयार होऊ लागले आणि आज डॉक्टर सामान्यतः लिहून देतात ते याच पद्धतीचे असते. त्यासाठी पशुहत्या होत नाही. या अढीपायी दोन-तीन वर्षे लांबविलेले इन्शुलिन डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडावर आपला हिशेब चुकता करून घेते.

मेटफॉर्मिनचा एक परिणाम शाकाहारी घरांनी विशेष ध्यानात घ्यावा. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते. ते मुळात प्राणिज पदार्थांत असते. आपल्याला ते केवळ दूध-दह्यातून मिळते, त्यामुळे खात्यात आधीच शिल्लक कमी. तळपायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे या तक्रारी आल्या की आपण ‘साखरेमुळे’ म्हणून मोकळे होतो. कित्येकदा त्यात वाटा बी-१२ च्या अभावाचा असतो आणि तो वेळीच गोळ्या किंवा इंजेक्शने घेतल्यास भरून निघू शकतो. वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्यावी.

बधिर पायांचा विषय आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने मोठा आहे. आपण देरासरात, उपाश्रयात, तीर्थावर अनवाणी असतो. चैत्र-वैशाखात दुपारी प्रदक्षिणेच्या संगमरवरी फरशीवर निरोगी मनुष्य पाय उचलून पळतो. ज्याच्या तळव्यांची संवेदना गेली आहे तो शांतपणे चालतो आणि घरी आल्यावर पाय धुताना फोड दिसतात. पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याचा संकल्प असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक तंतू आणि एक कंपनकाटा यांनी ती होते, पाच मिनिटे लागतात. यात्रा पहाटे करावी, कापडी मोजे चालत असतील तर घालावेत आणि रोज संध्याकाळी पायांचे तळवे व बोटांच्या बेचक्या स्वतः पाहाव्यात, दिसत नसतील तर नातवाला पाहावयास सांगावे. जखम लहान असली तरी दोन दिवसांत सुकू लागली नाही, तर तिसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडावे आणि आधी डॉक्टरांकडे जावे.